एक मारायची, एक जगवायची

2022 च्या दिवाळीत मी सात हजार रुपयांना एक मोटारसायकल विकत घेतली. ती चालत नव्हती. तिला कार्बोरेटर नव्हता, बॅटरी नव्हती, सीटमध्ये उंदरांनी दोन-चार बाळंतपणं उरकली होती आणि किकवर पूर्ण वजन टाकून उभं राहिलं तरी ती तसूभर खाली जात नव्हती. हे सगळं बघून, पूर्ण शुद्धीत मी पैसे मोजले. कारण मला ती चालवायची नव्हतीच. मोडायची होती.

"म्हणजे बंद गाडी दुरुस्त करायला दुसरी बंद गाडी घेतलीस?" बायकोने फोनवर शांतपणे विचारलं. (ती शांतपणे विचारते तेव्हा मला जास्त भीती वाटते.)

"हो, पण दोघींचे बिघडलेले पार्ट वेगवेगळे आहेत ना!"

यावर तिने फोन ठेवला. असो. गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

आमचं घर शिरोळचं. कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. (हायवेवरची, एमआयडीसीवाली, ती शिरोली. आमचं शिरोळ. हा खुलासा मी कॉलेजपासून करतोय.) एका अंगाला पंचगंगा, दुसऱ्या अंगाला कृष्णा, आणि दोघींचा संगम जवळच नरसोबाच्या वाडीला. काळी जमीन, नजर जाईल तिथपर्यंत ऊस. जी नदी हे सगळं देते तीच अधूनमधून घरात येऊन हिशेबही मागते.

आप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक. 1984 साली त्यांनी पगारातून साठवलेल्या पैशांवर येझदी घेतली. मरून टाकी, दोन्ही बाजूंना क्रोमचे सायलेन्सर. इंजिन एकाच सिलेंडरचं, तरी सायलेन्सर दोन, ही तिची ऐट.

ज्यांनी येझदी फक्त इन्स्टाग्रामवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडा इतिहास. 1960 साली म्हैसूरमध्ये रुस्तम आणि फारोख इराणी यांनी 'आयडियल जावा' ही कंपनी काढली आणि 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर तिथे मोटारसायकली बनू लागल्या. जावा हे नाव बेटावरून आलेलं नाही. जानेचेक नावाच्या गृहस्थाने 1929 मध्ये 'वाँडरर' कंपनीचं डिझाइन घेऊन गाडी काढली, त्या दोन नावांची सुरुवात जोडून झालं जावा. पुढे सत्तरच्या दशकात म्हैसूरच्या गाडीचं नाव येझदी झालं. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 ला जावा आणि 2022 ला येझदी ही नावं बाजारात परत आली खरी, पण त्या पूर्ण नव्या, फोर-स्ट्रोक गाड्या. त्यांचे इंजिनाचे पार्ट आमच्या म्हातारीला काही कामाचे नाहीत.

येझदीची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे तिची किक. किक आणि गिअरचा दांडा एकच! डाव्या बाजूचा दांडा आत दाबून वर उभा केला की ती किक. गाडी चालू झाली की तोच दांडा पुढे पाडायचा, झाला गिअर. शिवाय गिअर टाकताना तो दांडा स्वतःच क्लच सोडवतो, त्यामुळे क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. लहानपणी मला वाटायचं, ही जादू फक्त आमच्याच गाडीत आहे.

2005 च्या महापुरात मी अकरावीत होतो. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आप्पांनी आम्हाला याच गाडीवरून जयसिंगपूरला मावशीकडे पोचवलं. तीन खेपा केल्या. पहिल्या खेपेत आई आणि बहीण, दुसऱ्या खेपेत मी आणि कागदपत्रांची पत्र्याची पेटी, तिसऱ्या खेपेत शेजारच्या म्हाताऱ्या काकी. शेवटच्या खेपेला चाकाचा हब पाण्यात होता. "ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून पाणी वर चढतं. म्हणून पहिल्या गिअरमध्ये बोंबलत आणली," असं आप्पा पुढे कित्येक वर्षं सांगायचे.

2011 ला ते रिटायर झाले. गुडघा दुखायला लागला, किक उलटी मारली की डोळ्यांत पाणी यायचं. बिनगिअरची स्कूटर आली आणि येझदी गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली.

ऑगस्ट 2019. मी पुण्यात. कोल्हापूरजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद पडला होता आणि मी हिंजवडीत बसून न्यूज चॅनेल बदलत होतो. आमच्याकडे पाणी वाढायला लागलं की लोक आधी नदीकाठच्या मोटारी काढतात, मग जनावरं, मग माणसं. आई-आप्पा, म्हैस, सगळे वेळेत बाहेर पडले. बाहेर पडायला कोणाचा तरी ट्रॅक्टर होता. येझदी बंद होती, तिला कोण काढणार? गोठ्यात छातीएवढं पाणी होतं आणि ते बरेच दिवस हललं नाही.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. घरभर बोटभर जाडीचा गाळ. पुस्तकं, गाद्या, फ्रिज, धान्य, सगळं अंगणात. त्या आठवडाभरात मी फ्रिज दुरुस्त करून आणला, मिक्सर आणला, टीव्हीसुद्धा आणला. येझदीवर मात्र पाइपने पाणी मारलं, गाळ धुतला आणि पुन्हा ताडपत्री टाकली. आप्पा काही बोलले नाहीत. 2021 च्या जुलैत पाणी परत आलं, पण चाकापर्यंतच.

त्या एका आठवड्याची किंमत मला तीन वर्षांनी कळली.

2022 च्या उन्हाळ्यात वर्क फ्रॉम होमच्या कृपेने मी सलग महिनाभर शिरोळात होतो. म्हटलं, येझदी चालू करू. आपण इंजिनिअर ना शेवटी! (कॉम्प्युटरचे. पण हे वाक्य बोलताना तो शब्द गाळायची पद्धत आहे.) गावातल्या एका जुन्या मेस्त्रींना विचारलं. वय सत्तरीच्या आसपास, गॅरेज मुलाच्या हाती दिलेलं, पण येझदी म्हटल्यावर उठले. अट एकच. "मी स्टुलावर बसणार. हात तुझं चालणार. माझी कंबर गेलीय."

अशी माझी शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला. त्यातून काळं ऑइल यायला हवं होतं. आला घट्ट दुधाचा चहा. ऑइल आणि पुराचं पाणी घुसळून त्याचा असा रंग झाला होता. मेस्त्री म्हणाले, "हे काय नव्हं. खरं रडू वर हाय."

टू-स्ट्रोक इंजिनाचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे रडू कशाचं ते समजेल. पिस्टन वर जाताना खालच्या बंद डब्यात, म्हणजे क्रँककेसमध्ये, पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली येताना ते दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने पिस्टनच्या वर पोचतं, तिथे प्लग ठिणगी टाकतो आणि स्फोट होतो. प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या पोटातूनच वर जातं. त्यामुळे खाली स्प्लेंडरसारखं वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरमागे चाळीस मिली, हा मेस्त्रींचा हिशेब. निळा धूर येतो तो त्याचा.

आता याच रस्त्याने पुराचं पाणी आत गेलं तर? कार्बोरेटरमधून, सायलेन्सरमधून शिरतं आणि थेट क्रँककेसच्या तळाला जाऊन बसतं. तिथेच कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग. बाहेरून गाडी धुऊन चकाचक करा, आत पाणी आणि गाळ तसाच.

"त्याच आठवड्यात प्लग काढून, गाडी उलटीपालटी करून पाणी काढलं असतंस, आत डिझेल ओतलं असतंस, तर क्रँक वाचला असता," मेस्त्री सहज म्हणाले. त्यांना मी त्या आठवड्यात टीव्ही दुरुस्तीला नेला होता हे माहीत नव्हतं. आप्पा मागे खुर्चीवर पेपर वाचत होते. पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला.

ब्लॉक काढायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी जे शिकलो ते चार वर्षांच्या डिग्रीत शिकलो नव्हतो. एक, गंजलेल्या नटावर जोर चालत नाही. आधी डिझेल, मग रात्रभर वाट, मग गरम करणं आणि मग रिंग पाना. फिक्स पाना लावला की कोपरे मारले जातात आणि मग तो नट तुमच्याकडे बघून हसतो. दोन, काढलेला प्रत्येक नट-बोल्ट काढलेल्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा. तीन, पिस्टन पिनची सर्क्लिप काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचं. मी कोंबलं नाही. सर्क्लिप टण्णकन उडाली आणि बरोबर आत गेली. मेस्त्री स्टुलावरून म्हणाले, "आता खालचं बी उघडायला लागतंय. बरं झालं, ते बी शिकशील."

आणि चार, जी सगळ्यात लागली. ब्लॉक हलत नाही म्हणून मी लाकडाचा ठोकळा न ठेवता थेट हातोडी घातली. बिडाची फिन कटकन तुटून हातात आली. मी तो तुकडा हातात धरून बराच वेळ उभा होतो. आमच्या धंद्यात काही बिघडलं तर कंट्रोल झेड आहे, बॅकअप आहे, कालचं व्हर्जन आहे. इथे कालचं व्हर्जन कुठेच नव्हतं. कारखाना बंद होऊन सव्वीस वर्षं झाली होती.

खालचं उघडलं तेव्हा मेस्त्रींनी रॉड हातात घेऊन फिरवला. खर्र खर्र आवाज. क्रँकपिनवर गंजाने खड्डे पाडलेले, चाकांच्या कडाही खाल्लेल्या. सिलेंडरच्या आतही तेच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे इंजिन गेलं. दुसरी गाडी बघ. असलीच. भंगारात, कुणाच्या परड्यात, कुठं बी. एक मारायची, एक जगवायची. दुसरा मार्ग न्हाई."

मग शोध सुरू झाला. कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज, निपाणी. आमच्या भागात जुन्या गाड्यांचा नाद जबरदस्त. यामाहा आरएक्स 100 ची भारतातली विक्री 1996 ला थांबली, तरी तिच्यासाठी आजही पोरं काय किंमत मोजतील याचा नेम नाही. येझदीचंही तेच झालेलं. चालू गाड्यांचे भाव ऐकून मी गप्प बसायचो. शेवटी मेस्त्रींच्याच ओळखीतून कळलं, नदीपलीकडच्या एका गावात एका आज्जींच्या पडवीत येझदी उभी आहे. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, वारून आठ वर्षं झाली होती.

आज्जी पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी गाडी बघितली. घर गावाच्या उंचवट्यावर, पुराचं पाणी पायरीला लागून परत गेलेलं. म्हणजे इंजिन बुडालेलं नाही. बाकी अवतार वर सांगितलाच आहे. कार्बोरेटर कोणीतरी दुरुस्तीला म्हणून नेला होता, तो परत आलाच नव्हता.

आज्जींनी भावाची घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं,

"काय करणार हायस हिचं? चालू करशील न्हवं?"

मी एक सेकंदही न थांबता म्हणालो, "करणार की, आज्जी."

एवढं सहज खोटं मी मॅनेजरशीसुद्धा कधी बोललो नव्हतो. त्यांनी किल्ली आणून दिली, वर वाटीभर शेंगा दिल्या. टेम्पोत गाडी चढवताना त्या आतून बाहेर आल्या नाहीत.

घरी आल्यावर आप्पांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या. "कोणाची?" मी सांगितलं. "मोडणार म्हणून सांगितलंस का त्यांना?" मी सांगितलं की नाही, चालू करणार म्हणून सांगितलं. आप्पा "बरं" म्हणाले आणि आत गेले. चाळीस वर्षं चौथीच्या पोरांचा खोटेपणा पकडणाऱ्या माणसाचं "बरं" कसं असतं, ते ज्यांचे वडील शिक्षक आहेत त्यांनाच कळेल.

मेस्त्रींचा नियम होता, कुठलीही गाडी मोडण्याआधी ती काय स्थितीत आहे ते बघायचं. इंजिन चालायला तीनच गोष्टी लागतात. ठिणगी, पेट्रोल आणि दाब. यातलं काय आहे, काय नाही ते एकेक करून तपासायचं. (आम्ही याला डीबगिंग म्हणतो आणि त्याचे जास्त पैसे घेतो.) पेट्रोलचा प्रश्नच नव्हता, कार्बोरेटर नाही. ठिणगी नाही, कारण डायनॅमोचं वाइंडिंग जळालेलं. दाब तपासायला किक खाली जायला हवी, आणि ती जात नव्हती. प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि मी पुण्याला निघून आलो. दर दोन दिवसांनी आप्पा त्यात डिझेलची भर टाकत होते. पुढच्या महिन्यात गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हलकेच पुढेमागे, पुढेमागे केलं. पाऊण तासाने आत काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि चाक फिरलं.

ब्लॉक उचलला. या वेळी लाकडाचा ठोकळा ठेवून, फडकं कोंबून. मेस्त्रींनी रॉड धरून वरखाली केला. ढिला नाही. फिरवला. आवाज नाही. क्रँक तेलकट, काळा, निरोगी.

तिघेही गप्प. शेवटी मेस्त्री म्हणाले, "इंजिन हिचं झकास हाय. हेच उचलून तुमच्या चासीत घालू."

इथे माझ्यातला कायदेपंडित जागा झाला. आरसी बुकात चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. शिवाय ज्या गाडीचा सांगाडा आपण मोडणार तिची नोंदणी रद्द करायची असते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 55. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत कळवायचं. हे सगळं मी आदल्या रात्री वाचलं होतं, ते सांगत सुटलो. आप्पांनी हात वर करून मला थांबवलं.

"त्यांच्या गाडीला काय काय लागेल?"

मेस्त्रींनी बोटं मोजली. कार्बोरेटर, डायनॅमो, हेडलाइट, पुढचं चाक, क्लचप्लेट, सीट, केबल.

"आपल्या गाडीवर यातलं काय आहे?"

"सगळंच हाय, गुरुजी."

"मग आपली मारा."

मी म्हटलं, "आप्पा, पण ही सगळी खटपट तुमच्या गाडीसाठीच..."

"चालू करतो म्हणालायस ना त्यांना? आता खरं कर."

विषय संपला. मेस्त्री माझ्याकडे न बघता पाने पुसत बसले.

त्यानंतरचं सव्वा वर्ष महिन्यातून एक शनिवार-रविवार असं गेलं. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघायचं, रविवारी रात्री काळी नखं घेऊन परत. सोमवारच्या मीटिंगमध्ये हात टेबलाखाली.

आप्पांची गाडी मोडायचं काम मी केलं. मोडणं हा शब्द तसा चुकीचा आहे, कारण मोडायला घेतलेल्या गाडीचा नट दुप्पट जपून काढावा लागतो. तो पार्ट धडधाकट हवा असतो ना! प्रत्येक पार्टवर अठ्ठेचाळीस नंबरचा बूट घालणारा माझा बाप दिसत होता. (बरं, दहा नंबरचा. पण लहानपणी तो अठ्ठेचाळीसच वाटायचा.) गिअरच्या दांड्याचं रबर एकाच बाजूने घासलेलं. टाकीच्या कडेला माझ्या दप्तराच्या बकलाने पडलेली रेघ. हेडलाइटच्या आत 2019 चा गाळ, वाळून पापुद्रे झालेला. तो मी झाडून टाकला नाही, ब्रशने काढला आणि एका डबीत ठेवला. का, ते विचारू नका.

कार्बोरेटर पांढराफटक पडला होता. मी जेट साफ करायला बारीक तार घेतली तर मेस्त्री ओरडले, "तार घालू नको, भोक मोठं होतंय. पेट्रोलात बुडव आणि फुंक!" डायनॅमो नेला जयसिंगपूरला, मोटार वाइंडिंगवाल्याकडे. दर पुरानंतर शेकडो शेतीपंपांच्या मोटारी बुडालेल्या असतात, त्यामुळे आमच्याकडच्या वाइंडिंगवाल्यांना पाण्यातून आलेल्या वस्तूंचं काही वाटत नाही. त्याने डायनॅमो हातात घेऊन फक्त विचारलं, "2019 का 2021?"

आज्जींच्या ब्लॉकमध्ये बारीक रेघा होत्या. तो घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीच्या कामात मुरलेली ही वसाहत. तिथल्या कारागिराने डायल गेज आत सोडून वर, मध्ये, खाली अशी मापं घेतली. मूळ बोअर 65 मिमी, स्ट्रोक 75. (करा गणित. 248 च्या थोडं वर येतं, त्याला आपण अडीचशे सीसी म्हणतो.) झीज वरच्या बाजूला जास्त. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवला. अर्धा मिलिमीटर! मी ज्या धंद्यात आहे तिथे चूक किती मोठी हे बोटाने चाचपून कळत नाही. इथे त्याने माझं बोट धरून सिलेंडरच्या आत वरची झिजलेली कड लावून दाखवली. नखाला ती पायरी लागली.

पॉइंटचा गॅप 0.4 मिमी ठेवायचा असतो. मी कौतुकाने फिलर गेज विकत घेऊन गेलो. मेस्त्रींनी खिशातून लग्नपत्रिकेचा एक तुकडा काढला आणि त्याने गॅप लावला. मी गुपचूप माझ्या गेजने तपासला. 0.4.

मधल्या काळात कागदपत्रं. आज्जींच्या यजमानांच्या नावावरून आधी आज्जींच्या नावावर, त्यासाठी फॉर्म 31. मग आमच्या नावावर, फॉर्म 29 आणि 30. आज्जींचा मुलगा दोनदा येऊन गेला. "एवढं कशाला करताय?" म्हणाला. खरंच, मोडायच्या गाडीसाठी एवढं कोणी करत नाही.

आप्पांच्या गाडीचं आरसी बुक मात्र त्यांनी स्वतः नेऊन दिलं. मी येतो म्हटलं तर नको म्हणाले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, चहा घेतला. "1984 च्या पानावर शिक्का मारला," एवढंच बोलले.

फेब्रुवारी 2024 मधल्या एका रविवारी सकाळी गाडी गोठ्याबाहेर काढली. आज्जींची टाकी, आज्जींचं इंजिन, आमचा कार्बोरेटर, आमचा डायनॅमो, आमचं पुढचं चाक. पेट्रोलमध्ये चाळीस मिलीच्या हिशेबाने ऑइल. अठ्ठावीस किका मारल्या. (बहिणीच्या मुलाने मोजल्या.) काही नाही. मी घामाघूम. मेस्त्रींनी स्टुलावरून विचारलं, "कॉक उघडलाय?"

उघडला नव्हता.

पुढच्या तिसऱ्या किकला ती चालू झाली. दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर, गोठ्यातल्या म्हशीने दावं ताणलं आणि आई स्वयंपाकघरातून पीठ लागलेले हात घेऊन बाहेर आली. आप्पांनी काही न बोलता ॲक्सिलरेटर थोडा कमी केला. मेस्त्री म्हणाले, "पहिले हजार किलोमीटर पळवायची न्हाई. नवीन पिस्टन हाय."

आप्पा मागे बसले आणि आम्ही हळूहळू नदी ओलांडून आज्जींकडे गेलो.

त्या पायरीवरच होत्या. गाडी वळणावर असतानाच उठून उभ्या राहिल्या. मी बंद करायला गेलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे जरा." आम्ही तसेच उभे. दोन मिनिटं गाडी धडधडत राहिली. मग त्यांनीच हाताने खूण केली. चहा झाला. चहा पिताना आप्पांना सांगू लागल्या,

"तुमच्या पोराच्या आधी तिघं येऊन गेलं. जास्त पैसं देत होतं. खरं, मोडायला पायजे म्हणालं. तोंडावर सांगितलं, न्हाई देत. हा एकटा म्हणाला, चालू करतो."

माझं लक्ष बशीत. ते तिघे खरं बोलले आणि रिकाम्या हाताने गेले होते. मी खोटं बोललो म्हणून मला गाडी मिळाली होती, वर वाटीभर शेंगा. आप्पा आता काय बोलतात म्हणून मी श्वास धरून बसलो.

"बोलला की करतो तो," आप्पा म्हणाले. "थोडा वेळ लागतो."

परत येताना पुलावर गाडी आप्पांनी घेतली. गुडघा दुखत असणारच, पण चालू गाडीला किक कशाला लागते? मी मागे बसलो. त्यांनी क्लच न दाबता, नुसत्या पायाने दुसरा टाकला, मग तिसरा. खाली नदी उन्हाळ्याकडे झुकलेली, शांत, तळाशी गेलेली.

"टाकी आपली बसवायला हवी होती का?" मी मागून विचारलं.

"नको," ते म्हणाले. "त्यांची आहे, त्यांचीच राहू दे. आपलं आत आहे की."